सीमेपलीकडचा सायबर इशारा वेळेत कामी का येत नाही?

प्रश्न – संगणकशास्त्राचा विद्यार्थी
ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून सुमारे 94 कोटी रुपये लुटले गेले. 11 तारखेला बनावट कार्डांनी 28 देशांतील एटीएममधून रोकड काढली गेली आणि 13 तारखेला 13.92 कोटी रुपये स्विफ्ट या बँकांमधील आंतरराष्ट्रीय संदेश-जाळ्यामार्फत हाँगकाँगला वळवले गेले. अमेरिकेच्या एफबीआयने अशाच एटीएम-लुटीची गोपनीय सूचना 10 तारखेलाच बँकांना धाडली होती, असे तेव्हा प्रसिद्ध झाले होते. मग देशादेशांतील माहितीची देवाणघेवाण अडते कुठे?

सहकारी बँकेतील संगणक सुरक्षा कर्मचारी
‘सावध राहा’ एवढ्या सांगण्याने आमच्यासारख्यांचे काही भागत नाही. त्या हल्ल्यात एटीएमची विनंती मूळ बँकिंग प्रणालीपर्यंत पोहोचूच दिली गेली नाही. एटीएमच्या विनंत्या बँकेकडे पोहोचवणाऱ्या ‘स्विच’ या मधल्या यंत्रणेची बनावट प्रत उभी करून तिनेच परस्पर मंजुरी दिली. अशा वेळी घातक फाइलींचे हॅश (फाइल ओळखणारे जणू बोटांचे ठसे) आणि हल्लेखोरांच्या संगणकांचे आयपी पत्ते (इंटरनेटवरील क्रमांक) अशा खुणा हाती हव्या असतात, कारण त्याच थेट यंत्रणेत भरता येतात. ‘फास्टकॅश’ नावाच्या याच धाटणीच्या हल्ल्यांचे तपशील अमेरिकी यंत्रणांनी 2 ऑक्टोबर 2018 रोजी जाहीर केले आणि त्यातच 2017 मध्ये 30 हून अधिक देशांत एकाच वेळी रोकड काढली गेल्याचा उल्लेख होता. म्हणजे खुणा सार्वजनिक होण्याच्या वर्षभर आधीच ही पद्धत वापरात होती.

धोरण अभ्यासक
हा विलंब निव्वळ आळसाचा मानू नये. खूण उघड केली की आपण पाळतीवर आहोत हे हल्लेखोराला कळते, आणि माहिती कुठून मिळाली याचाही माग लागू शकतो. म्हणूनच माहिती पुढे कोणाला द्यावी हे ठरवणाऱ्या ‘ट्रॅफिक लाइट प्रोटोकॉल’मध्ये तिला रंग देतात: लाल म्हणजे फक्त समोरच्या व्यक्तीपुरती, अंबर (पिवळसर-केशरी) म्हणजे संस्था आणि गरजेपुरते तिचे ग्राहक. मात्र भीतीपोटी सगळ्यावरच लाल शिक्का मारला, तर ज्याला गरज आहे तोच अंधारात राहतो.

सुरक्षा कर्मचारी (पुन्हा)
रंगांबद्दल सहमत, पण आपल्याकडचा प्रवाहही एकतर्फी वाटतो. एप्रिल 2022 च्या निर्देशानुसार सायबर घटना सहा तासांत सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला कळवणे बंधनकारक आहे. आम्ही कळवतोही, परंतु आमच्याच तपशिलांतून दुसऱ्या बँकेच्या कामाचे काय निघाले, हे आमच्या टेबलापर्यंत क्वचितच परत येते.