मदत हवी आहे : घरी केलेली दह्याची गारेगार बर्फासारखी कडक होते

नमस्कार.

आम्ही जळगावला राहतो. उन्हाळ्यात येथे दुपारचे तापमान 43-44 अंशांपर्यंत जाते आणि सुट्टीसाठी आलेली माझी तिन्ही भाचरे गारेगारवाल्याच्या घंटेची वाट पाहत ओट्यावर बसून राहतात. त्याच्या पेटीतील केशरी-हिरव्या कांड्या कोणत्या पाण्याच्या असतील, या शंकेने मी घरीच दह्याची गारेगार करायचे ठरवले. दूध घरपोच येते आणि केळ्यांची तर आमच्या जिल्ह्यात वाणच नाही, त्यामुळे काम सोपे वाटले होते. दोनदा करून पाहिले आणि दोन्ही वेळा फसले, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

पहिल्या वेळी गायीच्या अर्धा लिटर दुधाचे घरी विरजलेले दही घेतले, त्यात चार चमचे साखर आणि एक पिकलेले केळे घालून मिक्सरमधून फिरवले, कुल्फीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यांत काठोकाठ भरले, लगेच काड्या खोचल्या आणि रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवले. सकाळी पाहते तो सगळ्या साच्यांतील मिश्रण फुगून काठाच्या वर आले होते आणि काड्या एका बाजूला कलंडल्या होत्या. साचा नळाखाली धरून कांडी बाहेर काढली, तर ती दगडासारखी कडक. धाकट्या भाचीने चोखायला सुरुवात केली. दोन-तीन वेळा गोड रस आला आणि मग तिच्या हातात उरला तो पांढरा, खडबडीत, बेचव बर्फ. तिने कांडी उलटसुलट करून पाहिली आणि विचारले, “आत्या, यातलं दही कुठे गेलं?”

दुसऱ्या वेळी केळ्याऐवजी अननसाच्या कच्च्या फोडी वाटून घातल्या. या वेळी कडकपणा तितकाच होता आणि वर मिश्रण कडू झाले. दही ताजे होते, अननस गोड होता, तरीही कडू झाले याचे मला फार आश्चर्य वाटले.

आमचा फ्रीज एका दाराचा, जुना आहे आणि घरात आइस्क्रीमचे यंत्र नाही. बाजारातील स्टॅबिलायझरची पुडी न घालता ही गारेगार दाताने सहज तुटेल इतकी मऊ करता येईल का, साखर वाढवण्याऐवजी उलट कमी करता येईल का, आणि अननस कडू का झाला, हे कोणी समजावून सांगितल्यास मी आभारी राहीन.

प्रतिसाद :

ताई, आपली दोन्ही फजितींची मूळ कारणे वेगवेगळी आहेत. आधी कडकपणाचे पाहू. दह्यात बहुतांश पाणीच असते. ते गोठू लागते तेव्हा शुद्ध पाण्याचे स्फटिक आधी तयार होतात आणि साखर, आंबटपणा, स्वाद हे सारे उरलेल्या घट्ट पाकात गोळा होत जाते. आपल्या भाचीने चोखून घेतला तो हा पाक, आणि मागे राहिला तो पाण्याचा सांगाडा. मिश्रणात पाणी जितके जास्त आणि गोठण्याची क्रिया जितकी सावकाश, तितके हे स्फटिक मोठे होतात. म्हणून दही नेहमीच्या श्रीखंडासारखे मलमलच्या फडक्यात टांगावे, मात्र रात्रभर नव्हे. रात्रभर टांगलेला चक्का या कामासाठी फार कोरडा होतो, साच्यात नीट उतरत नाही आणि मध्ये हवेच्या पोकळ्या राहतात. दोन-तीन तास पुरेत. दूध म्हशीचे घेतले तर स्निग्धांश जवळजवळ दुप्पट मिळतो आणि त्याचा मऊपणात चांगला फरक पडतो.

साखरेबाबत आपल्याला आवडणार नाही असे उत्तर देतो. येथे साखर केवळ गोडीसाठी नसते. ती पाण्याचा गोठणबिंदू खाली आणते, त्यामुळे फ्रीजरच्या उणे 18 अंशांतही थोडा पाक न गोठता राहतो आणि तोच कांडीला मऊ ठेवतो. शिवाय थंडीमुळे जिभेला गोडी कमी जाणवते, म्हणून साच्यात भरण्यापूर्वी मिश्रण किंचित जास्तच गोड लागायला हवे. साखर फार कमी केली की आपल्याला पुन्हा दगडच मिळेल. कमी खायची असेल तर साचा लहान घ्यावा, हा माझ्या मते अधिक प्रामाणिक उपाय आहे.

अननसाचे असे आहे की कच्च्या अननसात ब्रोमेलेन नावाचे विकर असते. ते दुधातील प्रथिनांचे तुकडे करते आणि त्या तुकड्यांची चव कडवट असते. गोठवल्याने हे विकर नाहीसे होत नाही, ते उष्णतेनेच निकामी होते. अननसाच्या फोडी साखरेबरोबर चांगल्या शिजवून, पूर्ण गार करून मग दह्यात घाला. किवी आणि कच्ची पपई यांच्या बाबतीतही हेच होते. आंबा मात्र निर्धास्त घालावा.

प्रतिसाद :

केळे सोडू नका. केळ्याचा गर पाणी धरून ठेवतो आणि मिश्रणाला लुसलुशीतपणा देतो. केवळ एकच केळे घातल्यामुळे त्याचा उपयोग झाला नाही. सालीवर काळे ठिपके आलेली दोन केळी घ्यावीत. त्यांच्या जोडीला दोन मोठे चमचे दुधाची पावडर घातली तर मोकळे पाणी आणखी बांधले जाते.

साचा काठोकाठ भरू नये, कारण गोठताना पाणी सुमारे 9 टक्के फुगते. वर एक बोट जागा सोडा. काडी सुरुवातीला खोचण्याऐवजी पाऊण-एक तासाने, मिश्रण थोडे धरू लागल्यावर खोचली म्हणजे ती सरळ उभी राहते.

प्रतिसाद :

जुन्या एकदारी फ्रीजचा फ्रीजर बर्फाच्या थराने भरलेला असेल तर आधी तो थर काढून टाकावा, कारण त्या थरामुळे थंडी साच्यापर्यंत पोहोचण्यास वेळ लागतो. मिश्रण भरण्यापूर्वी दोन तास फ्रीजच्या खालच्या कप्प्यात गार करावे आणि साचे फ्रीजरच्या तळाला टेकतील असे ठेवावेत. माझ्या लहानपणी कुल्फीवाले मटक्यात बर्फ आणि जाडे मीठ घालून त्यात साचे फिरवत असत. मिठामुळे बर्फ शून्याच्या बराच खाली जातो आणि कुल्फी झपाट्याने धरते. बर्फ सहज मिळत असेल तर पातेल्यात तोच प्रयोग करून साचे अर्धा तास त्यात उभे करावेत आणि मग फ्रीजरमध्ये ठेवावेत. फक्त खारट पाणी साच्यात शिरणार नाही एवढी काळजी घ्यावी. माझ्याकडून एकदा ते झाले होते आणि ती कुल्फी कोणीही खाल्ली नाही.

धागाकर्तीचे उत्तर :

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल तिसऱ्यांदा केले. म्हशीच्या दुधाचे 800 ग्रॅम दही अडीच तास टांगले, तेव्हा फडक्यात 460 ग्रॅम उरले. खाली जमलेल्या निवळीत संध्याकाळची कणीक भिजवली. त्या दह्यात 100 ग्रॅम पिठीसाखर, दोन केळी, दोन चमचे दुधाची पावडर आणि थोडी वेलची घालून फिरवले. कुल्फीच्या साच्यांऐवजी स्टीलचे लहान पेले घेतले आणि त्यावर फॉइल लावून, तिला चीर पाडून त्यातून काड्या खोचल्या, त्यामुळे एकही काडी कलंडली नाही.

कांडी सुटण्यासाठी पेला नळाच्या कोमट पाण्यात दहा सेकंद धरणे पुरले. चव सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखी राहिली आणि धाकटीने थेट चावा घेतला. अगदी आइस्क्रीमसारखी मऊ झाली असे म्हणता येणार नाही. फ्रीजरमधून काढून दोन-तीन मिनिटे थांबावे लागते. आमच्या ओट्यावर त्याहून अधिक थांबण्याची सोयही नाही, कारण पाचव्या मिनिटाला ती कोपरापर्यंत ओघळू लागते.

एक शंका अजून उरली आहे. आमच्याकडे दुपारी दोन-दोन तास वीज जाते. अर्धवट वितळलेल्या कांड्या पुन्हा गोठवल्या तर चालतील का? तसेच साखरेऐवजी मध घालून पाहावा का?

प्रतिसाद :

पुन्हा गोठवू नयेत. वितळलेले पाणी दुसऱ्यांदा गोठताना मोठ्या स्फटिकांना चिकटते आणि पोत पहिल्यापेक्षा खरखरीत होतो. बराच वेळ कोमट राहिलेले मिश्रण तर मुलांना देऊच नये. वीज गेल्यावर फ्रीजरचे दार उघडले नाही तर दोन तासांत सहसा फारसे बिघडत नाही, पण मुले घरात असताना हे कसे साधायचे ते आपणच ठरवावे. मधाने पोत साखरेपेक्षा मऊ येतो, मात्र घरात एक वर्षाखालील बाळ असेल तर त्याला मधाची कांडी चाटायलाही देऊ नये.

धागाकर्तीचे उत्तर :

बाळ कोणी नाही, त्यामुळे पुढच्या वेळी निम्मा मध घालून पाहीन. आज वीज गेली तेव्हा नेमका थोरल्या भाच्याने तीनदा दार उघडून “झाली का?” असे पाहिले, आणि चार कांड्या मऊ पडल्या. त्या लगेच पातेल्यात काढल्या, गार ताक आणि चिमूटभर जायफळ घालून रवीने घुसळल्या आणि सासऱ्यांना पीयूष म्हणून पेल्यात दिल्या. त्यांनी दुसरा पेला मागितला.