लँकेस्टरची आमिश शेतं: आई-बाबा आणि मुलांसह तीन दिवस, सल्ला हवा

सीमाभागची लेक:
नमस्कार मंडळी. आई-बाबा निपाणीहून आमच्याकडे न्यू जर्सीत एडिसनला आलेत. नायगारा झाला, वॉशिंग्टन झालं. परवा बाबांना विचारलं, अजून काय बघायचंय? म्हणाले, "इमारती पुष्कळ झाल्या, आता इथली शेती दाखव." म्हणून पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर काउंटीत जायचं ठरतंय. ऑगस्टचा शेवटचा आठवडा, शुक्रवार ते रविवार. बाबा ७४ वर्षांचे, गुडघे दुखतात. आई अंडंही खात नाही. मुलं ११ आणि ६ वर्षांची. राहायचं कुठे, बघायचं काय? आणि एक मनापासून विचारते: तिथली आमिश माणसं (मोटारी टाळून घोड्याच्या बग्गीनं फिरणारा, जुन्या वळणाचा ख्रिस्ती पंथ) त्यांच्या पद्धतीनं जगतायत, आपण गाडीतून त्यांना बघत फिरायचं हे बरोबर आहे का?

डोंगरपायथा:
आम्ही हॅरिसबर्गजवळ राहतो, वर्षातून तीन-चार फेऱ्या होतात. पहिली गोष्ट, शुक्रवार ते रविवार नको, गुरुवार ते शनिवार करा. रविवारी आमिश लोकांचं एकही दुकान, एकही भाजीचा ठेला उघडा नसतो. एक रविवार आड घरोघरी प्रार्थना असते (त्यांना वेगळं चर्च नाही, पाळीपाळीनं कुणाच्या तरी घरी किंवा कोठारात सगळे जमतात). त्या दिवशी रस्त्यावर बग्ग्याच बग्ग्या दिसतील, पण थांबून बोलायला कुणी नसेल.

शुक्रवारी सकाळी लँकेस्टर शहरातलं सेंट्रल मार्केट. सध्याची विटांची इमारत १८८९ची आहे. बाजार मंगळवार, शुक्रवार, शनिवार भरतो. दुपारी जवळच्या एफ्राटा गावचा ग्रीन ड्रॅगन बाजार, तो फक्त शुक्रवारी. आपल्या आठवडी बाजारासारखाच आहे: भाजी, लोणची, गोधड्या, शेतीची अवजारं. बाबांना तिथून हलवणं अवघड जाईल.

गुडघ्यांचं म्हणाल तर स्ट्रासबर्गची वाफेच्या इंजिनाची गाडी घ्या. त्या रेल्वेची सनद १८३२ची. पॅराडाइज गावापर्यंत जाऊन परत यायला पाऊण तास लागतो, आणि दोन्ही बाजूंना आमिश शेतं. बसल्या जागी मका, खेचरांचे नांगर, वाळत घातलेले कपडे, सगळं दिसतं. समोरच राज्याचं रेल्वे संग्रहालय आहे, सहा वर्षांचं पोर तिथे खूश.

राहायला हॉटेल नको, शेतावरचं घर बघा. बरीचशी अशी घरं मेनोनाइट कुटुंबांची असतात. मेनोनाइट म्हणजे त्यांचेच चुलत भाऊबंद. १६९३मध्ये याकोब आमानचा गट स्वित्झर्लंडमध्ये त्यांच्यातून वेगळा झाला, तेच आमिश. पहाटे मुलांना धार काढताना बघू देतात, अंडी गोळा करू देतात.

पाटावरवंटा:
आईंच्या जेवणाबद्दल लिहिते, कारण माझ्या सासूबाई तिथे दोन दिवस नुसत्या मक्यावर राहिल्या होत्या.

'पाय' (pie, सारण भरून भाजलेला गोड पदार्थ) बघून भुलू नका. काकवीचा शूफ्लाय पाय दिसतो शाकाहारी, पण पारीत डुकराची चरबी घालायची जुनी पद्धत आहे. फरसबीत हॅम असतं, नूडल्स अंड्याच्या असतात. प्रत्येक ठिकाणी विचारा, त्यांना राग येत नाही. मऊ गरम प्रेट्झेल (गाठीसारखा वळलेला पाव) बहुतेक ठिकाणी चालेल. चाउ-चाउ नावाचं आंबटगोड मिश्र भाज्यांचं लोणचं मिळतं, ते आईंना आवडेल. आणि रस्त्याकडेच्या ठेल्यांवरचं मक्याचं कणीस! काही ठेल्यांवर माणूसही नसतो, डबा ठेवलेला असतो; भावाप्रमाणे पैसे टाकायचे आणि कणसं उचलायची.

स्वयंपाकघर असलेलंच घर घ्या. कुकर, तांदूळ, मुगाची डाळ, मेतकूट गाडीत टाका. शेतावरचे टोमॅटो आणि घरचा भात, याहून छान जेवण नाही.

रानवाटा:
तुमच्या शेवटच्या प्रश्नासाठी लिहितोय. पहिल्या वेळी मी चूक केली होती. शाळा सुटून स्कूटरवरून (पायानं ढकलायच्या, सायकल तिथे चालत नाही) मुली येत होत्या, मी फोन उचलला. मोठ्या मुलीनं धाकटीचा चेहरा हातानं झाकला. तो हात अजून डोळ्यांसमोर आहे. फोटो काढणं त्यांना अहंकाराचं आणि मूर्तिपूजेचं वाटतं. शेतांचे काढा, माणसांचे नको.

मुलांना आधी समजावून सांगा की ही माणसं मागासलेली नाहीत. कुठली वस्तू घरात येऊ द्यायची हे गट मिळून ठरवतो, त्या नियमांना ऑर्डनुंग म्हणतात. म्हणून फ्रिज असतो पण गॅसवरचा, टेलिफोन असतो पण घराबाहेरच्या खोपटात. दूध गार ठेवायला डिझेल इंजिन चालतं, शेतात मात्र खेचरंच. माझ्या मुलीनं विचारलं, "आपल्या घरी कोण ठरवतं?" मला उत्तर देता आलं नाही.

गाडी चालवताना: बग्गी दिसली की वेग कमी, हॉर्न अजिबात नाही, घोडा बिचकतो. चढावर ओलांडू नका. रात्री तर फारच जपून.

डोंगरपायथा:
रानवाटा यांच्याशी सहमत. एक भर: पर्यटकांसाठीची बग्गीची फेरी जरूर घ्या.

रानवाटा:
इथे माझं मत वेगळं आहे. त्या फेऱ्या ठरावीक रस्त्यावरून फिरवून आणतात. त्याच पैशात आमिश घराच्या फाटकावर "गोधड्या" किंवा "रूट बिअर" (गोड पेय, दारू नव्हे) अशी पाटी दिसली की आत वळा. काहीतरी घ्या, दोन शब्द बोला. घरी ते जर्मन वळणाची बोली बोलतात, पण इंग्रजी सगळ्या मोठ्यांना येतं. गिऱ्हाईक म्हणून गेलात की डोकावल्यासारखं वाटत नाही. फक्त पाटीवर "रविवारी विक्री नाही" लिहिलेलं असेल तर ते पाळा.

डोंगरपायथा:
गुडघे दुखणाऱ्या माणसाला दर फाटकाशी चढउतार कशी जमेल? बग्गीत एकदा बसलं की झालं. चांगला हाकणारा मिळाला तर वाटेत शेतीबद्दल भरपूर सांगतो. दोन्ही करा.

सीमाभागची लेक:
किती नेमकं सांगितलंत सगळ्यांनी! गुरुवार ते शनिवार पक्कं केलं. एक विचारायचं राहिलं. बाबांनी निपाणीत चाळीस वर्षं तंबाखू केली. तिथे तंबाखू होते असं ऐकलंय, खरं का?

डोंगरपायथा:
खरंच होते, आणि तुमची वेळ अगदी बरोबर आहे. ऑगस्ट-सप्टेंबरात कापणी असते. अख्खं झाड बुंध्याशी कापतात, लाकडी काठीत ओवतात आणि कोठारात टांगतात. भिंतीच्या काही फळ्या बिजागरीवर असतात, त्या उघडल्या की वारा खेळतो आणि पान सावलीत हळूहळू वाळतं. थंडीत बसून दांड्यावरची पानं काढायची. स्ट्रासबर्गच्या दक्षिणेला उघड्या फळ्यांची कोठारं शोधा.

सीमाभागची लेक:
काल परतलो. शनिवारी टोमॅटो घ्यायला एका फाटकात वळलो, मागे कोठाराच्या फळ्या उघड्या होत्या. बाबा गाडीतून उतरले, काठी न घेता. मी त्या शेतकऱ्याला सांगितलं की हे भारतात तंबाखू करायचे. तो काही न बोलता आम्हाला आत घेऊन गेला. बाबांनी टांगलेलं पान दोन बोटांत धरलं, वास घेतला आणि म्हणाले, "विचार त्याला, पाऊस लागला तर बुरशी कशी आवरतो?" मग पाऊण तास मी नुसती दुभाषी. फळ्या कधी लावायच्या, काठ्यांत अंतर किती, खेचरं किती वर्षं काम देतात. फोटो एकही नाही.

आई तोवर त्याच्या बायकोबरोबर परसात होती. भाषा एक नाही, पण येताना चाउ-चाउच्या दोन बरण्या आणि पावट्याचं बी घेऊन आली. एका बरणीतलं लोणचं संपलंसुद्धा. पाटावरवंटा, कुकरबद्दल खास आभार.