अपस्ट्रीम : 'प्रवाहाविरुद्ध' की 'वरच्या अंगाला'?

प्रश्न : 'धरणाच्या अपस्ट्रीमला असलेली गावं' हे मराठीत कसं लिहावं? 'प्रवाहाविरुद्धची गावं' हे मला पटत नाही.

उत्तर : न पटणंच बरोबर आहे. इंग्रजीत हा एकच शब्द दोन कामं करतो. नाव अपस्ट्रीम जाते तेव्हा ती पाणी कापत जाते, तिथे 'प्रवाहाविरुद्ध' चपखल बसतं. गाव मात्र कुठे जात नाही, ते नुसतं उगमाच्या बाजूला आहे. त्याला 'वरच्या अंगाला' म्हणावं. डाउनस्ट्रीम म्हणजे 'खालच्या अंगाला'.

हे शब्द नव्याने घडवायची गरजच नाही. आमचं गाव गिरणाकाठचं. प्यायचं पाणी वरच्या अंगाला भरायचं, धुणं त्याच्या खाली आणि गुरं सगळ्यात खाली. एखादी म्हैस वर घुसली की घागर बुडवणारी बाई तिथूनच ओरडायची, "हाकल रे तिला खाली!" तिथे जमीन सपाट होती, डोळ्यांना चढ-उतार दिसतही नव्हता. पण वर कुठे आणि खाली कुठे, हे पोरांनाही ठाऊक होतं.

या 'वर'चा नकाशातल्या उत्तरेशी संबंध नाही. गिरणा शेवटच्या टप्प्यात उत्तरेकडे तापीला मिळायला जाते, म्हणजे तिथे वरचं अंग दक्षिणेला. नाईलचंही तसंच. ऊर्ध्व इजिप्त नकाशात खाली, दक्षिणेला दिसतो.

'ऊर्ध्व' आणि 'निम्न' हे पाटबंधारे खात्याचे आवडते शब्द, पण ते जपून वापरावेत. 'ऊर्ध्व वर्धा', 'निम्न दुधना' ही प्रकल्पांची नावं झाली, ती बदलत नाहीत. अपस्ट्रीम मात्र कशाच्या तरी संदर्भानेच असतं. जायकवाडी हे नाशिकच्या गंगापूर धरणाच्या खाली आणि नांदेडच्या विष्णुपुरीच्या वर. म्हणून मराठीतही 'कशाच्या' ते लिहावंच लागतं. नुसतं 'वरच्या भागात पाऊस' लिहिलं तर नदीकाठी राहणाऱ्याला काहीच कळत नाही. 'खडकवासल्याच्या वर, पानशेत-वरसगावकडे पाऊस' म्हटलं की पुण्यातला माणूस लगेच सावध होतो.

'खाली' लिहितानाही काळजी हवी. एकदा पाण्याचे नमुने घ्यायच्या सूचनेत मी 'पुलाच्या खाली बाटली भरावी' असं लिहिलं. मला म्हणायचं होतं डाउनस्ट्रीमला, कारण नाला पुलाच्या पुढे नदीला मिळत होता. नमुना घेणाऱ्याने पुलाच्या सावलीत उभं राहून बाटली भरली. त्याचं काही चुकलं नव्हतं, चूक माझ्या वाक्याची होती. नाल्याचं पाणी त्या बाटलीत आलंच नाही. तेव्हापासून मी 'पुलाच्या खालच्या अंगाला, नाला मिळतो त्याच्या पुढे' असं लांबलचक का होईना, पण पुरतं लिहितो.

क्रियापद हवं असेल तर 'चढणे' घ्या. कोकणात पहिल्या पावसात अंडी घालायला ओढ्यांतून वर जाणाऱ्या माशांना 'चढणीचे मासे' म्हणतात. पाण्याचा जोर, माशाची धडपड आणि दिशा, सगळं त्या एका शब्दात येतं. 'प्रतिस्रोत पोहणारे मासे' असं कोणी लिहिलं तर मला मनापासून वाईट वाटतं.

तेलधंद्यातलं अपस्ट्रीम म्हणजे तेलाचा शोध आणि उत्खनन, डाउनस्ट्रीम म्हणजे शुद्धीकरण आणि विक्री. तिथे नदीचे शब्द ओढून आणू नयेत, कामाचं नावच सांगावं.

पुढचा प्रश्न : खाडीत भरतीला पाणी उलटं वाहतं. मग अपस्ट्रीमही उलटतं का?

उत्तर : नाही. दिशा नदीची धरायची, त्या घटकेच्या पाण्याची नाही. भरतीला पाणी आत चढत असलं तरी अपस्ट्रीम उगमाकडेच राहतं. मात्र अशा ठिकाणी 'प्रवाहाविरुद्ध' लिहिलं तर अर्थ साफ उलटा होईल, कारण भरतीवर आत येणारी होडी प्रवाहाबरोबरच येत असते. खाडीपुरतं 'आतल्या बाजूला' आणि 'मुखाकडे' असं लिहावं.