मदत हवी आहे: बाबांना माळढोक दाखवायला जैसलमेरला न्यायचंय

नमस्कार मंडळी. आम्ही वरोरा तालुक्यातले, पिसदुऱ्याजवळचे. कापूस विकून झाला की बाबांना घेऊन जैसलमेरच्या डेझर्ट नॅशनल पार्कला जायचं ठरवलंय. सोबत बायको आणि नववीतली लेक.

बाबा ७४ वर्षांचे. लहानपणी गुरं चारताना पडीत रानात त्यांना माळढोक दिसायचा. ते त्याला 'हूम' म्हणतात. कमरेएवढा उंच, मान ताठ, माणूस दिसला की गवतात थबकून बघत राहायचा. पुढे पडीत वाहितीत आलं, शिवारातून विजेच्या तारा गेल्या. या पक्ष्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात, समोरची तार वेळेत दिसत नाही आणि जड शरीर झटकन वळत नाही. वर्षाला बहुधा एकच अंडं, त्यामुळे गेलेली संख्या भरून येत नाही. परवा बाबा म्हणाले, "आपल्या इकडं तं सरला. तिकडं तरी पाहाले भेटन का रे?" तेव्हापासून मन लागत नाही.

लेकीचा ओढा जीवाश्मांकडे. आमच्याकडे वखर फिरला की डायनासोरच्या शेणाचे दगड झालेले गोटे वर येतात. ती उचलत नाही, बाजूला पट्टी ठेवून फोटो काढते. याच गोट्यांत गवताचे सूक्ष्म कण सापडले आणि डायनासोरच्या काळातही गवत होतं, हे २००५ मध्ये जगापुढे आलं. जैसलमेरजवळच्या आकल गावी जुरासिक काळातल्या झाडांचे दगड झालेले ओंडके आहेत, म्हणून तिला तिथे एक पूर्ण दिवस हवाय.

उद्यान ३,१६२ चौरस किलोमीटरचं, तेव्हा नुसतं फिरून पक्षी दिसेल असं वाटत नाही. उद्यानातल्या सुदासरीच्या कुंपणाच्या भागात जायची परवानगी कुठे काढायची? जीप आत किती जाते? बाबांचे गुडघे दुखतात, वाळूत फार चालवणार नाही. डिसेंबर बरा की फेब्रुवारी? जोधपूरपर्यंत रेल्वेने येऊ, पुढे रात्रीची गाडी बाबांना झेपेल का?

आणखी एक. पक्ष्याजवळ गाडी नेऊन दाखवणारा गाइड नको, पक्ष्याला त्रास होता कामा नये. दुर्बिणीतून लांबून दिसला तरी बाबांना पुरे. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, ऑपरेशन आधी उरकून घेऊ. थरथरत्या हातांना धरायला सोपी अशी कोणती दुर्बीण घेऊ?