‘मेन’मधल्या सगळ्या पुरुषांना एकच तोंड : अतिरेक की खरं?

सांजवेळ :
अॅलेक्स गार्लंडचा ‘मेन’ (2022) हा सिनेमा बघितला. नवरा वारल्यावर हार्पर एकटीच इंग्लंडमधल्या एका खेड्यात घर भाड्याने घेऊन राहते. घरमालक, पाद्री, पोलीस, पबमधली माणसं, शाळकरी पोरगासुद्धा, सगळे एकाच नटानं केलेत, रोरी किनिअरनं! आणि तिला त्याचं काहीच वाटत नाही. मला सगळ्यात जड गेला तो बोगदा. पलीकडच्या टोकाला कोणीतरी उठून उभं राहतं आणि तिच्या दिशेनं पळत सुटतं, बस्स. क्लास सुटल्यावर रंकाळ्याकडेनं येताना मागं पावलं वाजली की मी फोन कानाला लावते, पलीकडं कोणी नसलं तरी.

बावडेकर :
ताई, पण हे सगळ्यांना एकाच माळेचे मणी ठरवणं झालं. आमच्या बावड्यात रात्री बाईमाणसाची गाडी बंद पडली तर चार पोरं थांबतात, ढकलून देतात. त्यांनी आता काय मान खाली घालून पुढं जायचं?

सांजवेळ :
थांबा की! पण चौघं एकदम गाडीला गराडा घालून उभे राहिले तर तिला काय वाटेल? एकानं लांबूनच “वहिनी, घरी फोन लावू का?” म्हटलं तरी पुरे.

तिखटमीठ :
मी बाई असून बावडेकरांच्या बाजूची. एनसीआरबीचे (देशभरच्या गुन्ह्यांची नोंद ठेवणारं सरकारी खातं) आकडे बघा, बलात्काराच्या 90 टक्क्यांहून जास्त गुन्ह्यांत आरोपी ओळखीचाच असतो. असल्या सिनेमांनी भीती मात्र रस्त्याचीच वाढते. त्याच भीतीपायी माझी संध्याकाळची लायब्ररी बंद झाली, दिवेलागणीला घरात.

सांजवेळ :
आकडा मान्य. पण सिनेमातही आधी घाबरवतो तो नवराच. घटस्फोट मागितला म्हणून जीव द्यायची धमकी, वर हात उचलणं. गावातले पुढचे. आणि रस्त्यावरचा पाठलाग 2013 पासून गुन्हा आहे, आता भारतीय न्याय संहितेचं कलम 78. तक्रार कोण करणार? घरी सांगितलं की आधी क्लास बंद. तुमची लायब्ररी त्यातच गेली ना?

तिखटमीठ :
गेली. पण ती घरच्यांनी बंद केली, बोगद्यातल्या माणसानं नाही.

बावडेकर :
तिच्या मागं घरापर्यंत आलेल्या नागड्या माणसाला पोलीस सोडून देतो आणि वर तिलाच साधेपणानं सांगतो, ते मात्र लागलं. पाद्री गुडघ्यावर हात ठेवतो तेही. पण शेवटी माणसातून माणूस जन्मतो ते कशाला? जेवण जात नव्हतं राव. तोंडाचं अजून पटलेलं नाही. रविवारी बायकोला दाखवतो, मग बोलू.