पेरोव्स्काइट सौरघट: आधी व्होल्टेज की आधी टिकाऊपणा?

कवडसा:
शिसं-हॅलाइड पेरोव्स्काइटचा (शिसं आणि आयोडीनसारख्या हॅलोजनच्या स्फटिकांपासून बनणाऱ्या सौरघटांचा) विषय निघाला की पहिला प्रश्न येतो, "टिकणार किती?" माझ्या मते आधी व्होल्टेज विचारायला हवं. 2009 मध्ये जपानच्या मियासाका यांच्या गटाने 3.8 टक्के कार्यक्षमता दाखवली होती, आज छोट्या घटांची नोंद 26 टक्क्यांच्या वर आहे. प्रवाह वाढवायला आता फारशी जागा नाही, कारण अर्ध्या मायक्रॉनचा थर जवळजवळ सगळा उपयोगी प्रकाश पिऊन टाकतो. गळती आहे ती व्होल्टेजमध्ये.

मिथिलअमोनियम लेड आयोडाइड या नेहमीच्या पेरोव्स्काइटचा बँडगॅप (इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी किमान ऊर्जा) साधारण 1.6 इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे सैद्धांतिक कमाल 1.32 व्होल्टच्या आसपास. साधे घट 1.1 पाशीच अडकतात. स्फटिकातल्या दोषांपाशी इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉन निघून गेल्यावर उरलेला धनभार) गाठ पडून संपतात, आणि प्रकाशाऐवजी उष्णता निघते. प्रकाश देऊन संपणाऱ्यांचं प्रमाण दहापट घटलं की सुमारे 60 मिलिव्होल्ट गेले. शंभरात एकच प्रकाश देत असेल तर 120. म्हणून तर उत्तम सौरघट उत्तम एलईडीही असावा लागतो!

बीजिंगच्या एका गटाने 2019 मध्ये पृष्ठभागावर फेनेथिलअमोनियम आयोडाइड हे मीठ लावून दोष झाकले. व्होल्टेज 1.18, प्रमाणित कार्यक्षमता 23.3 टक्के. मला हा या क्षेत्रातला फार मोलाचा धडा वाटतो.

तापलेला_पत्रा:
धडा अर्धाच सांगितलात. ते मीठ न तापवता लावलं होतं. तापवलं की ते खालच्या थराशी प्रक्रिया करून द्विमितीय (पापुद्र्यांसारख्या रचनेचं) पेरोव्स्काइट बनतं आणि फायदा घटतो. आमच्या चंद्रपुरात मे महिन्यात छतावरचं पॅनेल हाताला चटका देतं. तिथे तुमचा 1.18 किती दिवस राहील? पॅनेलची रीतसर चाचणी 85 अंश, 85 टक्के आर्द्रता, 1000 तास अशी असते. त्यातून जे तगेल तेवढंच मी मोजेन. शिवाय विक्रमी घट बहुधा नखाएवढे असतात.

अबोली:
शिशाचं काय? चौरस मीटरला एक ग्रॅमच्या आतबाहेर, मान्य. पण हे संयुग पाण्यात विरघळतं. काच फुटली, पाऊस आला, की ते मातीत. बंदिस्ती पक्की हवीच.

कवडसा:
@अबोली, पूर्ण सहमत.
@तापलेला_पत्रा, तापमानाचा मुद्दा खरा आहे, पण तुम्ही दोन प्रश्न वेगळे धरताय. आयोडाइड आयन सरकतात ते स्फटिकातल्या रिकाम्या जागांमधून, आणि पृष्ठभागावरच्या अशाच दोषांतून ऱ्हासाची सुरुवात होते. तेच दोष व्होल्टेजही खातात. ते बुजवले तर दोन्ही सुधारतं.

तापलेला_पत्रा:
नेहमी नाही. दोष झाकणारा थर जाड झाला की तो विजेलाही अडवतो. व्होल्टेज वाढतं आणि फिल फॅक्टर (कमाल व्होल्टेज आणि कमाल प्रवाह यांच्या गुणाकारापैकी प्रत्यक्ष हाती येणारा हिस्सा) पडतो. हातात येणारी वीज तेवढीच, कधी कमीच.

कवडसा:
हे मान्य. म्हणून थर पातळ हवा आणि उष्णतेत न हलणारा रेणू हवा. संशोधनाचा पैसा तिथेच जावा असं मला मनापासून वाटतं.

तापलेला_पत्रा:
मग प्रत्येक विक्रमासोबत 65 अंशांवर हजार तास उन्हात ठेवल्यानंतरचं व्होल्टेजही छापा. ते 1.15 च्या वर दिसलं तर मी तुमच्या बाजूला येतो.