कायरोप्रॅक्टिकला जायचंय, तर कॉलेजात कोणते विषय घ्यायचे?

प्रेषक: श्रीकांत, नेपरव्हिल
विषय: मुलाच्या कॉलेजबद्दल माहिती हवी आहे

सप्रेम नमस्कार मंडळी,

धाकटे चिरंजीव यंदा हायस्कूल संपवतायत. कुस्तीत पाठ धरली म्हणून वर्षभर कायरोप्रॅक्टरकडे (हातांनी मणक्यांवर आणि सांध्यांवर उपचार करणारे) जाणं-येणं होतं, आणि आता आपणही हेच शिकायचं असं त्याच्या मनाने घेतलंय. आम्ही दोघं आयटीतले, त्यामुळे घरात याची माहिती कुणालाच नाही. ऑगस्टपासून दोन वर्षं इथलं कम्युनिटी कॉलेज, म्हणजे कॉलेज ऑफ डुपेज, आणि मग यूआयसीला (इलिनॉय विद्यापीठ, शिकागो) किनेसिऑलॉजी, म्हणजे शरीराच्या हालचालींचं शास्त्र, असा सध्याचा विचार आहे.

कुणीतरी सांगितलं की 90 क्रेडिट्स झाली की बॅचलर्स पूर्ण न करताही प्रवेश मिळतो. हे खरं असेल तर एक वर्ष आणि त्या वर्षाची फी वाचते. या क्षेत्रातलं कुणी असेल तर कृपया सांगा.

श्रीकांत

---

प्रेषक: मेधा, लोम्बार्ड
विषय: उत्तर: मुलाच्या कॉलेजबद्दल माहिती हवी आहे

श्रीकांतदादा, नमस्कार.

मी याच व्यवसायात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

90 चा आकडा खरा आहे. कायरोप्रॅक्टिक कॉलेजांना मान्यता देणारी संस्था म्हणजे कौन्सिल ऑन कायरोप्रॅक्टिक एज्युकेशन. त्यांच्या नियमानुसार 90 सेमिस्टर क्रेडिट्स, किमान 3.0 जीपीए, आणि त्यातली 24 क्रेडिट्स जीवशास्त्र-रसायन-भौतिकशास्त्र या गटातली हवीत, पैकी निम्म्यांना तरी लॅब हवी. मेडिकलच्या एमसीएटीसारखी प्रवेश परीक्षा नाही. जीपीए 2.75 ते 3.0 मध्ये अडकलेल्या मुलांसाठी पर्यायी मार्ग असतो, पण त्याच्या भरवशावर आखणी करू नका.

तरीही माझा आग्रह आहे की बॅचलर्स पूर्ण करू द्या. काही राज्यांत लायसन्ससाठीच बॅचलर्स लागते, आणि अठराव्या वर्षी मुलगा पुढे कुठल्या राज्यात राहील हे कोण सांगणार? दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. या वयात मन बदलतं. 90 क्रेडिट्सवर बाहेर पडलेल्या मुलाने डीसी (डॉक्टर ऑफ कायरोप्रॅक्टिक हा अभ्यासक्रम) मध्येच सोडलं, तर हातात एकही पदवी नसते. किनेसिऑलॉजीची पदवी असेल तर फिजिकल थेरपी, फिजिशियन असिस्टंट, सगळे रस्ते मोकळे राहतात. एक वर्ष वाचवायचंच असेल तर काही कॉलेजांचे कायरोप्रॅक्टिक कॉलेजांशी करार आहेत. तिथे डीसीच्या पहिल्या वर्षाची क्रेडिट्स बॅचलर्समध्ये धरतात आणि पदवीही पदरात पडते. असा करार कुठे आहे ते आधी शोधा.

आता विषय. रसायनशास्त्राची साखळी पहिल्याच सेमिस्टरला सुरू करायची: जनरल केमिस्ट्री एक, दोन, मग ऑरगॅनिक, मग बायोकेमिस्ट्री. एकाशिवाय पुढचा घेता येत नाही, आणि काही कोर्स फक्त फॉलमध्ये किंवा फक्त स्प्रिंगमध्ये असतात. एक चुकला की आख्खं वर्ष पुढे ढकललं जातं. ऑरगॅनिक उन्हाळ्यातल्या आठ आठवड्यांत कोंबू नका. जोडीला बायोलॉजी एक आणि दोन, लॅबसह. फिजिक्सचे दोन्ही भाग घ्यावेत, एकावर भागत असलं तरी. सांध्यावर किती जोर कुठल्या दिशेने पडतो, हे पुढे रोज हाताने करायचं असतं.

अ‍ॅनाटमी-फिजिऑलॉजीची दोन्ही सेमिस्टर घ्यायचीच, आणि शक्य असेल तिथे डिसेक्शनची लॅब. आमच्या कामात डोळ्यांआधी बोटं बघतात. मान पुढे झुकवली की मानेच्या तळाशी जो उंचवटा हाताला लागतो तो बहुतेकांचा सातवा मणका. तिथून वर-खाली मोजत जायचं. काहींचा सहावा किंवा पाठीचा पहिला मणकाच जास्त पुढे आलेला असतो. मग मान मागे न्यायला सांगायची: सहावा बोटाखालून आत सरकतो, सातवा बहुधा जागेवर राहतो. पहिल्या ट्रायमेस्टरला (साधारण चार महिन्यांचं सत्र) हे शिकवतात तेव्हा ज्याने हाडं आधी हातात धरलेली असतात तो पुढे जातो, बाकीची मुलं नावं पाठ करत बसतात.

मायक्रोबायोलॉजी बऱ्याच कॉलेजांच्या यादीत सक्तीची नसते, तरी घ्या. कायरोप्रॅक्टिकच्या राष्ट्रीय बोर्डाच्या पहिल्या परीक्षेचे सहा विषय आहेत: जनरल अ‍ॅनाटमी, स्पायनल अ‍ॅनाटमी, फिजिऑलॉजी, केमिस्ट्री, पॅथॉलॉजी आणि मायक्रोबायोलॉजी. डीसी साधारण दहा ट्रायमेस्टरचं, उन्हाळ्याची सुट्टी जवळजवळ नाहीच. 4200 तासांचं किमान शिक्षण त्यात बसवलेलं असतं. त्या वेगात एखादा विषय पहिल्यांदाच समोर आला तर मुलं दमतात.

बिझनेसचा किंवा अकाउंटिंगचा एखादा कोर्स, स्टॅटिस्टिक्स आणि सायकॉलॉजी हेही घ्यावं. आमच्यातले पुष्कळ जण स्वतःचं क्लिनिक चालवतात.

मेधा

---

प्रेषक: डॉ. वसंत, ओक ब्रूक

श्रीकांत, मेधा,

मी चाळीस वर्षं हाडांची शस्त्रक्रिया केली. मुलाचा उत्साह मोडायचा नाही, पण या शास्त्राचा पाया 1895 साली डेव्हनपोर्टमध्ये डी. डी. पामर यांनी घातला, आणि सगळ्या आजारांचं मूळ मणक्यात आहे ही त्यांची कल्पना आजही काही ठिकाणी ऐकू येते. मानेला झटका देताना रक्तवाहिनीला इजा झाल्याची प्रकरणं वैद्यकीय साहित्यात आहेत. मुलाने हे वाचून मग ठरवावं.

वसंतकाका

---

प्रेषक: रेवती, शॉमबर्ग

मेधाताई, आमची मुलगी एच-फोरवर (एच-वनवाल्यांच्या कुटुंबीयांचा व्हिसा) आहे, ग्रीन कार्डच्या रांगेत आमचा नंबर कधी लागेल सांगता येत नाही. तिलाही हेच करायचंय. आम्ही वेगळा काय विचार करायचा?

रेवती

---

प्रेषक: मेधा, लोम्बार्ड

काका, तुमचं म्हणणं मला मान्य आहे, आणि ते मुलाच्या कानावर जायलाच हवं. कमरेच्या दुखण्यावर औषधांआधी करून पाहायच्या उपायांमध्ये मणक्याच्या मॅनिप्युलेशनचा (हाताने दाब किंवा झटका देऊन करायचा उपचार) समावेश अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2017 च्या मार्गदर्शक सूचनांत केला आहे. पाठ, मान, सांधे यांच्या दुखण्यात आम्ही उपयोगी पडतो. मधुमेह किंवा दमा मणका सरकवून बरा होतो असं सांगणाऱ्याच्या नादी कुणी लागू नये. मानेच्या बाबतीत कुणाला हात लावायचा नाही, हे ओळखता येणं ही आमच्या शिक्षणातली सगळ्यात मोठी जबाबदारी आहे.

म्हणूनच दादा, कॉलेज निवडताना त्यांचा कल कुठला आहे ते बघा. इथलं नॅशनल युनिव्हर्सिटी ऑफ हेल्थ सायन्सेस, आयोवातलं पामर, मिसुरीतलं लोगन, मिनेसोटातलं नॉर्थवेस्टर्न, सगळ्यांना मान्यता आहे, पण वातावरण एकसारखं नाही. प्रत्यक्ष जाऊन विचारावं: शोधनिबंध वाचायला कोणत्या ट्रायमेस्टरपासून लावता? रुग्णाला डॉक्टरकडे कधी पाठवायचं हे कोण शिकवतं? बाकीच्या प्रश्नांआधी या दोन प्रश्नांची उत्तरं मिळवा. आणि पहिल्या वर्षापासून दोन-तीन वेगवेगळ्या क्लिनिकांत शॅडोइंग, म्हणजे शेजारी राहून काम बघणं, करायला लावा, त्यातलं एखादं फिजिकल थेरपीचं असू द्या. तिथे काम बघून मन दुसरीकडे वळलं तरी चांगलंच.

रेवती, तुमच्यासाठी खर्चाचं गणित आधी. फेडरल कर्ज नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांना मिळतं, एच-फोरच्या मुलांना नाही. 21 पूर्ण झालं की एच-फोर संपतो आणि विद्यार्थ्यांचा एफ-वन व्हिसा घ्यावा लागतो, म्हणजे डीसीची वर्षं बहुतेक एफ-वनवरच जाणार. खाजगी कर्जाला बहुधा इथला सह-कर्जदार मागतात. म्हणून अंडरग्रॅडला होता होईल तेवढा पैसा वाचवा, आणि मुलीला फिजिकल थेरपीच्या अटीही पूर्ण करू द्या. त्यातले बहुतेक विषय तेच आहेत. प्रवेशाच्या वर्षी व्हिसाचे नियम काय असतील ते वकिलाला विचारूनच पुढचं पाऊल टाका.

कर्जाबद्दल दादांनाही एक सांगायचंय. 1 जुलै 2026 पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी ग्रॅड प्लस (पदवीनंतरच्या शिक्षणाचं फेडरल कर्ज) बंद. कायरोप्रॅक्टिक व्यावसायिक पदवीत मोडतं, त्यामुळे वर्षाला 50,000 आणि एकूण 2,00,000 डॉलरपर्यंत फेडरल कर्ज मिळू शकतं, त्यापुढचं आपलं आपण बघायचं. राहण्या-खाण्याचा खर्च धरून हे पुरतं का, ते आत्ताच कागदावर मांडा.

मेधा

---

प्रेषक: श्रीकांत, नेपरव्हिल

मेधाताई, वसंतकाका, मनापासून आभार. काकांचं पत्र त्याला वाचायला दिलं, त्याने शांतपणे वाचलं आणि मानेबद्दल आणखी वाचायला मागितलं. बॅचलर्स पूर्ण करायचं ठरलं. शेवटचा प्रश्न: त्याची एपी बायोलॉजी (हायस्कूलमध्येच घ्यायचा कॉलेज पातळीचा कोर्स) झाली आहे, 5 पैकी 5 मिळाले. मग कॉलेजात बायोलॉजी एक परत घ्यायचं का?

श्रीकांत

---

प्रेषक: मेधा, लोम्बार्ड

दादा, लॅबसह घेऊ दे. एपीचं क्रेडिट काही कायरोप्रॅक्टिक कॉलेजं धरतात, काही विज्ञानाच्या विषयांना धरत नाहीत, आणि फिजिकल थेरपीवाल्यांचेही नियम जागोजागी वेगळे. ज्या तीन-चार कॉलेजांचा विचार आहे त्यांच्या अ‍ॅडमिशन ऑफिसला ईमेलनेच विचारा, म्हणजे उत्तर लेखी मिळेल, आणि ते जपून ठेवा. डुपेजच्या कोर्सेसबद्दलही तेच: कोणता कोर्स यूआयसीला ट्रान्सफर होतो आणि कोणता नुसता इलेक्टिव्ह म्हणून धरला जातो, हे नाव नोंदवण्याआधी आयट्रान्सफर या इलिनॉयच्या वेबसाइटवर तपासा. शनिवारी दुपारी मी क्लिनिकमध्ये असते, त्याला पाठवून द्या. रुग्णाची हरकत नसेल तर बघायला बसवते.

मेधा